आईचा फोटो नीट का येत नाही? फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवून बघा

घरातले जुने अल्बम कधी तरी काढून बघा. प्रत्येक घरात एक व्यक्ती अशी सापडते, जी फोटोंत जवळजवळ नसतेच. आमच्या घरात ती व्यक्ती म्हणजे आई. माझ्या पंचवीस वाढदिवसांच्या फोटोंत ती एक तर केकची ताटली धरणाऱ्या हातांपुरती दिसते, नाही तर तोंडासमोर हात धरून म्हणत असते, "मला नको गं, तुमचेच काढा."

कारण विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "माझा फोटो चांगला येत नाही." आई सावळी आहे. बाहेर उन्हात काढलेल्या फोटोत तिचा चेहरा काळपट येतो आणि डोळे दिसतच नाहीत. गेल्या वर्षी मावसबहिणीच्या लग्नाचा अल्बम आला. त्यात एडिटिंग करताना आईचा चेहरा इतका उजळ केला होता की चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्याच रंगाची. आईने अल्बम मिटला आणि चहा टाकायला उठली. बोलली काहीच नाही. पण मला मात्र तेव्हा कळलं की हा प्रश्न तिच्या चेहऱ्याचा नसून उजेडाचा आहे आणि उजेडाचं काही तरी करता येतं.

या सदरात मागच्या वेळी आपण खिडकीशेजारच्या उजेडात फोटो कसे काढायचे ते बघितलं. या वेळी घराबाहेर पडू या आणि सोबत एक छोटा फ्लॅश घेऊ या. घाबरू नका, यात गणित फार थोडं आहे.

उन्हात चेहरा काळा का पडतो?

आपला डोळा फार हुशार आहे. मागे चकचकीत आकाश असलं तरी समोरच्या माणसाचा चेहरा आपल्याला नीट दिसतो. कॅमेऱ्याला एका वेळी इतका मोठा फरक सांभाळता येत नाही. त्याने आकाश सांभाळलं तर चेहरा काळा पडतो आणि चेहरा सांभाळला तर आकाश पांढरंफटक होतं.

मग आपण म्हणतो, "सूर्याकडे तोंड करून उभी राहा." आता चेहऱ्यावर उजेड येतो, पण डोळे बारीक होतात, कपाळाला आठ्या पडतात आणि नाकाखाली काळी सावली येते. दुपारी सूर्य डोक्यावर असला तर डोळ्यांच्या खोबणीतही अंधार साचतो.

यावर सोपा उपाय म्हणजे सूर्य पाठीशी घ्यायचा. मग केसांच्या कडा छान चमकतात, डोळे आरामात उघडे राहतात आणि आकाशाचा रंगही टिकतो. चेहऱ्यावर कमी पडलेला उजेड आपण फ्लॅशने भरून काढायचा.

फ्लॅश बाजूला का ठेवायचा?

कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश समोरून सरळ चेहऱ्यावर आदळतो. सगळ्या सावल्या चेहऱ्याच्या मागे जातात आणि चेहरा आधार कार्डावरच्या फोटोसारखा सपाट दिसतो. नाक, गाल आणि हनुवटी यांचा उठाव आपल्याला सावलीमुळेच कळतो. सावली गेली की उठावही जातो. संध्याकाळी लाल डोळेही याच फ्लॅशमुळे येतात, कारण तो लेन्सच्या फार जवळ असतो.

तोच फ्लॅश काढून बाजूला नेला, चेहऱ्यापासून साधारण ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर धरला, की एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर हलकी सावली येते. चेहरा एकदम जिवंत वाटतो. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीतून येणारा उजेड चेहऱ्यावर जसा पडतो, अगदी तसा.

काय काय लागेल?

कॅमेरा: मॅन्युअल मोड असलेला आणि वर फ्लॅश बसवायची खाच असलेला कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस चालेल. जुना, सेकंडहँड असला तरी काही बिघडत नाही.

फ्लॅश: बॅटरीवर चालणारा साधा स्पीडलाइट पुरे. महागडा ऑटोमॅटिक फ्लॅश घ्यायची गरज नाही. मी गोडॉक्सचा टीटी६०० वापरते. तो पूर्ण मॅन्युअल आहे आणि त्यात वायरलेस रिसीव्हर आतच असतो.

ट्रिगर: हा कॅमेऱ्यावर बसतो आणि दूरच्या फ्लॅशला रेडिओ सिग्नल देतो. ट्रिगर घेताना तो तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीचा आणि तुमच्या फ्लॅशशी जुळणारा आहे ना, हे दुकानदाराला दोनदा विचारा. कॅननचा ट्रिगर निकॉनवर किंवा सोनीवर नीट चालत नाही.

पांढरी छत्री: फोटोग्राफीची, आरपार उजेड जाणारी, सुमारे ४३ इंचांची. छोट्या फ्लॅशचा कडक उजेड यातून गेला की पसरतो आणि मऊ होतो. सोबत एक स्टँड आणि स्टँडवर फ्लॅश व छत्री अडकवायचा क्लॅम्प हवा.

सेल: चार्ज करता येणारे चार डबल-ए सेल आणि जादा चार खिशात.

एकदम सगळं विकत घेण्याआधी एक दिवसासाठी भाड्याने आणून बघा. बऱ्याच शहरांत कॅमेऱ्याचं सामान भाड्याने मिळतं. आवडलं तर घ्या.

पहिला फोटो, पायरी पायरीने

सूर्यास्ताच्या साधारण तासभर आधीची वेळ निवडा. ऊन तेव्हा नरम झालेलं असतं आणि छोट्या फ्लॅशला त्याच्याशी झुंजावं लागत नाही.

१. ज्यांचा फोटो काढायचा त्यांना सूर्याकडे पाठ करून उभं करा. फ्लॅश अजून बंदच ठेवा.

२. कॅमेरा मॅन्युअल मोडवर घ्या. आयएसओ १००, शटर १/२०० आणि अ‍ॅपर्चर एफ/५.६. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता सूर्याच्या चिन्हावर ठेवा.

३. एक फोटो काढा. या वेळी फक्त आकाश बघा. डोळ्यांना दिसतं त्याहून ते किंचित गडद आलं पाहिजे. फार उजळ असेल तर एफ/८ करा, फार काळोखं असेल तर एफ/४. चेहरा या फोटोत काळाच येणार. येऊ द्या.

४. आता छत्री लावलेला फ्लॅश चेहऱ्यापासून सुमारे चार फुटांवर, बाजूला आणि थोडा वर ठेवा. फ्लॅशही मॅन्युअलवर ठेवा आणि ताकद १/८ करा.

५. फोटो काढा आणि फक्त चेहरा बघा. उजेड जास्त वाटला तर १/१६ करा, कमी वाटला तर १/४.

६. चेहरा आणि आकाश एकाच वेळच्या उजेडातले वाटायला लागले की थांबा. आता कॅमेऱ्याकडे न बघता माणसाशी बोला.

ही सहावी पायरी सगळ्यात जास्त लोक विसरतात. सेटिंग नीट बसल्यावर त्यातच रमलो तर समोरचा माणूस कंटाळून जातो आणि फोटोत तो कंटाळा दिसतो. शक्य असेल तर आधी स्वतःला किंवा घरातल्या एखाद्या लहान मुलाला उभं करून सेटिंग जमवून ठेवा. मग आईला बोलवा.

लक्षात ठेवायचं एकच सूत्र

शटर आकाशासाठी, फ्लॅशची ताकद चेहऱ्यासाठी. या दोन गोष्टी वेगवेगळ्या फिरवता येतात, यातच सगळी गंमत आहे.

असं का होतं? फ्लॅशचा झोत एका क्षणाच्याही छोट्याशा भागात येऊन जातो. शटर १/२०० असो की १/१००, तो झोत मधेच कुठे तरी येऊन संपतो. म्हणून शटरचा वेग बदलला तरी चेहऱ्यावरचा फ्लॅश तेवढाच राहतो. आकाशाचा उजेड मात्र सतत येत असतो, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं राहिलं की तो वाढतो. सूर्य खाली गेला आणि आकाश काळवंडायला लागलं तर शटर १/१०० करा, आकाश पुन्हा उजळेल आणि चेहऱ्यावर फारसा फरक पडणार नाही. अ‍ॅपर्चर मात्र दोन्हीवर परिणाम करतं.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे अंतर. फ्लॅश दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना याचा फटका बसतो. फ्लॅशजवळच्या काकांपासून तो चार फुटांवर आणि पलीकडच्या काकूंपासून आठ फुटांवर असेल तर काकूंच्या वाट्याला काकांच्या पाव हिस्सा उजेड येतो. अशा वेळी फ्लॅश मागे न्या, ताकद वाढवा आणि सगळ्यांना जवळ जवळ उभं करा.

भर दुपारी फोटो काढायचा असेल तर

मुंज, बारसं, सहल, सगळंच काही संध्याकाळी नसतं. दुपारच्या कडक उन्हात १/२०० शटरवर एफ/११ च्या आसपास जावं लागतं. तेव्हा फ्लॅशची ताकदही १/८ वरून १/२ पर्यंत न्यावी लागते. सेल भराभर संपतात आणि दोन फोटोंच्या मधे फ्लॅश पुन्हा भरायला वेळ घेतो.

तुम्ही म्हणाल, मग शटरच वाढवू, १/१००० करू. इथे एक अडचण आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे शटर एकाच वेळी पूर्ण उघडं नसतं, एक फट सरकत जाते. त्यामुळे फोटोच्या एका भागात काळा पट्टा येतो. या मर्यादेला सिंक स्पीड म्हणतात. काही फ्लॅशमध्ये हाय-स्पीड सिंक नावाची सोय असते. त्यात फ्लॅश एकाच झोताऐवजी भराभर अनेक छोटे झोत देतो, त्यामुळे पट्टा येत नाही, पण ताकद बरीच कमी होते. सुरुवातीला या फंदात पडू नका. सरळ झाडाची किंवा इमारतीची सावली शोधा आणि तिथे पाच वाजण्याची वाट न बघता आरामात फोटो काढा.

सावळा रंग सावळाच राहू द्या

आता मी ज्यासाठी हे सगळं शिकले, त्याबद्दल.

रंगीत फिल्मच्या काळात फोटो प्रिंट करणाऱ्या लॅबमध्ये कातडीचा रंग जुळवायला एक नमुना कार्ड वापरलं जायचं. कोडॅककडून येणाऱ्या या कार्डाला शर्ली कार्ड म्हणायचे आणि त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या कातडीची तरुणी असायची. तिचा रंग नीट आला की प्रिंट नीट, असा हिशेब. ती लॅब गेली, कार्ड गेलं, पण सवय अजून आपल्या फोनमध्ये आहे. ब्युटी मोड सुरू केला की गाल गुळगुळीत होतात आणि रंग दोन छटा उतरतो. लग्नाच्या अल्बममध्येही तेच होतं.

सावळ्या चेहऱ्याला खरं तर फ्लॅशचा उजेड फार छान खुलवतो, पण तो मऊ आणि बाजूने आलेला हवा. गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावलीमुळे कळतो, तर सावळ्या चेहऱ्यात गालाच्या हाडावर आणि कपाळावर येणारी चमक आकार दाखवते. म्हणून छत्री जितकी जवळ आणता येईल तितकी आणा, फक्त ती फोटोत दिसू देऊ नका. जवळ आल्यावर उजेडाचा स्रोत मोठा होतो आणि चमक कडक ठिपक्यासारखी न येता पसरून येते. फोटो काढण्याआधी रुमालाने चेहरा हलकेच टिपा, पावडरचा थर लावू नका.

आणि फ्लॅशची ताकद ठरवताना स्वतःला एक प्रश्न विचारा. "ही अजून गोरी दिसायला हवी का?" हा तो प्रश्न नव्हे. "ही घरी दिसते तशी दिसतेय का?" हा आहे. खात्री करायची तर चेहऱ्याशेजारी तिचाच हात धरून बघा. दोन्हींचा रंग जुळला पाहिजे.

संध्याकाळच्या फोटोत आणखी एक छोटी युक्ती करता येते. मावळतीचं ऊन केशरी असतं आणि फ्लॅशचा उजेड पांढरा, त्यामुळे चेहरा परका वाटतो. फ्लॅशच्या तोंडावर हलक्या केशरी रंगाचा पारदर्शक कागद लावा. याला जेल म्हणतात आणि तो फ्लॅशच्या दुकानातच मिळतो. सावळ्या रंगाची ऊब त्यात सुंदर उतरते.

या चुका मी केल्या, तुम्ही करू नका

आम्ही वडोदऱ्याला राहतो. मी पहिला प्रयोग आमच्या सोसायटीच्या गच्चीवर केला, तोही जानेवारीत, उत्तरायणाच्या आठवड्यात. ज्या वाऱ्यावर सगळं शहर पतंग उडवतं त्या वाऱ्यात मी चार फुटी छत्री उघडून ठेवली होती! स्टँडसकट सगळं आडवं झालं आणि फ्लॅशचा खालचा पाय तुटला. तेव्हापासून स्टँडला पाच किलो तांदळाची पिशवी लटकवते. वारा जास्त असेल तर छत्री मिटून बाबांच्या हातात नुसता फ्लॅश देते. माणसासारखा दुसरा स्टँड नाही. तो तक्रार करतो एवढंच.

चष्म्यावर फ्लॅशचा पांढरा डाग येत असेल तर फ्लॅश आणखी वर आणि बाजूला न्या. तेवढ्याने गेला नाही तर चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचलायला सांगा. काच थोडी खाली झुकते आणि डाग निघून जातो.

एकाच फोटोवर थांबू नका. फ्लॅशमुळे पापणी मिटण्याचं प्रमाण बरंच असतं, म्हणून प्रत्येक पोझचे चार-पाच फोटो घ्या. आणि फ्लॅश चालतोय का ते बघायला तो कोणाच्या डोळ्यांजवळ धरून कधीही उडवू नका, विशेषतः लहान मुलांच्या.

आपल्याकडे फक्त फोन असेल तर?

फोनच्या शटरची रचना वेगळी असते, त्यामुळे असा दूरचा फ्लॅश त्याच्याशी सहसा जुळत नाही. पण वरचं तंत्र तसंच वापरता येतं. सूर्य पाठीशी घ्या आणि समोरून, थोड्या बाजूने, थर्माकोलचा मोठा पांढरा तुकडा धरा. पाठीमागून येणारं ऊन त्यावर आपटून चेहऱ्यावर परत येतं. थर्माकोल नसेल तर पांढरी चादर दोघांनी ताणून धरा. जितकी जवळ तितका उजेड जास्त. मग फोनच्या स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस करा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढा, म्हणजे आकाश वाचेल. ब्युटी मोड बंद करायला विसरू नका.

छोटा एलईडी दिवा असेल तर तो सूर्य मावळल्यानंतर किंवा गडद सावलीत उपयोगी पडतो. उन्हात त्याचा काही पाड लागत नाही.

आणि त्या फोटोचं काय झालं?

फेब्रुवारीत एका रविवारी मी सेटिंग आधी बाबांवर जमवून घेतलं. एफ/५.६, १/२००, ताकद १/८, केशरी जेल. मग आईला हाक मारली, "पाच मिनिटं ये, वाळवण उचलायचंय." ती आली, छत्री बघून वैतागली आणि म्हणाली, "मला नको गं." मी म्हटलं, "बरं, नको. पण दोन मिनिटं इथे उभी तर राहा, फ्लॅश तपासायचाय." बाबा छत्री धरून उभे होते. त्यांचा हात भरून आला आणि ते कुरकुरायला लागले. आई त्यांच्याकडे बघून हसली. तेवढ्यात मी सात फोटो काढले.

रात्री जेवण झाल्यावर तिला फोन दिला. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "कपाळावरचा तो लहानपणीचा व्रण दिसतोय की गं." मी म्हटलं, "काढू का एडिट करून?" तिने मान हलवली आणि फोन परत दिला. मला कळेना, आवडला की नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा डीपी बदललेला दिसला. इतकी वर्षं तिथे गुलाबाचं फूल होतं. आता तिथे आई आहे, व्रणासकट.

या रविवारी तुमच्याकडे जे काही असेल ते घ्या, फ्लॅश असो की थर्माकोलचा तुकडा. आणि घरातली जी व्यक्ती नेहमी "मला नको" म्हणते, तिला काही तरी निमित्त काढून संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर बोलवा.